गडग्याबाहेरचा नळ

दानिएलच्या ग्रंथात तीन तरुणांचे एक स्तुतिगीत आहे. धगधगत्या भट्टीत उभे राहून ते सृष्टीतील एकेका वस्तूला परमेश्वराच्या स्तुतीसाठी हाक मारतात. सूर्यचंद्रांना, पावसाला, वाऱ्याला बोलावून झाल्यावर ते हिमाला आणि गोठवणाऱ्या थंडीलाही बोलावतात. रविवारच्या प्रातःप्रार्थनेत हे गीत म्हणताना त्या ठिकाणी माझे मन कधी थांबले नाही. आरे-वारेच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने हिम कुठे पाहिलेले असणार? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची, किंवा निफाडकडे द्राक्षबागा वाचवण्यासाठी रात्री शेकोट्या पेटवल्याची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचतो, तेवढाच आमचा हिमाशी संबंध. आमची थंडी म्हणजे आंब्याच्या मोहोरावरचे दव आणि पहाटे अंगावर ओढलेली चादर. तरीही गोठणाऱ्या पाण्यानेच मला उतारवयात एक गोष्ट शिकवली, आणि ती माझ्या स्वतःच्या दारातल्या नळाविषयी होती.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे घर आहे. घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा आहे. वडिलांनी विहिरीवर पंप बसवून टाकी बांधली, तेव्हा घरात नळ येण्याआधी त्यांनी एक नळी गडग्यातून आरपार रस्त्याकडे काढली आणि तिला पितळेची तोटी बसवली. खाडीवरून मुळे काढून डोक्यावर पाट्या घेऊन परतणाऱ्या बाया, गुराखी, शाळेची मुले, कोणीही तिथे थांबून पाणी प्यावे, ही त्यांची इच्छा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून ते समुद्राला मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. त्या दोन महिन्यांत या एका तोटीचे मोल काय, हे त्या बायांनाच ठाऊक.

पुढे रस्त्यावर पर्यटकांची वर्दळ वाढली. लोक समुद्रात डुंबून येत, आमच्या नळावर वाळूने भरलेले पाय धूत, कुणी गाडीही धुऊन घेई. तोटी उघडी टाकून निघून जात. एका मे महिन्यात सलग तीन दिवस टाकी रिकामी झाली आणि माझा संयम सुटला. गडग्याच्या आतल्या बाजूस असलेली चावी मी घट्ट फिरवून बंद केली. ही गोष्ट २०२३ सालची.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतली एक वृद्ध विधवा पाटी घेऊन नळाशी थांबली. तोटी फिरवून पाहिली. मी ओट्यावरच बसलो होतो. तिने विचारले, ‘‘गुरुजी, नळ बिघडलाय काय?’’

मी म्हणालो, ‘‘हो, बिघडलाय.’’

ती काही न बोलता पुढे गेली. पर्यटकांवरचा राग मी तिच्यावर काढला, आणि वर खोटे बोललो. चावी उघडायला एक मिनिटही लागले नसते. पण एकदा तोंडातून गेलेले खोटे सांभाळत बसणे मला सोपे वाटले. अशी दोन वर्षे गेली.

२०२५ सालचा पवित्र गुरुवार १७ एप्रिलला होता. मिस्सेत धर्मगुरूंनी बारा जणांचे पाय धुतले. दरवर्षी मी हा विधी भक्तिभावाने पाहतो. त्या संध्याकाळी मात्र पाणी ओतण्याचा आवाज आला आणि मला आमचा गडगा आठवला. लोक पाय धुतात म्हणून मी नळ बंद केला होता. मी मान खाली घातली. पण घरी परतल्यावर चावीला हात लावला नाही. पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले. तो सारा आठवडा त्यांच्याविषयी बोलण्या-वाचण्यात गेला. सृष्टीच्या काळजीविषयी २०१५ साली त्यांनी लिहिलेले ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक मी पुन्हा उघडले. पिण्याचे सुरक्षित पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात ते निःसंदिग्धपणे मांडतात. हे वाचताना टाकी भरून वाहत असल्याचा आवाज कानावर येत होता. मी पुस्तक मिटले आणि पंप बंद करायला उठलो.

त्यानंतरच्या दयेच्या रविवारी सकाळी कॅनडातील विनिपेगहून धाकट्या मुलीचा फोन आला. तिच्याकडे अजून शनिवारची रात्र होती. आवाज रडवेला. ‘‘पप्पा, तळघरात पाणीच पाणी झालंय. बागेचा नळ आज या वर्षी पहिल्यांदा उघडला, तर बाहेर एक थेंबही कमी आला नाही, पण भिंतीच्या आत धार लागली होती. नळ हिवाळ्यातच फुटला होता म्हणे. आम्हाला कळलं आज.’’

विनिपेगच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली पंचवीस अंशांच्याही खाली जातो. तिथल्या घरांना बागेसाठी जो बाहेरचा नळ असतो, त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे. मूठ आणि तोंड भिंतीबाहेर. पण पाणी अडवणारी खरी चावी लांब दांड्याच्या टोकाला, भिंतीच्या आत, घराच्या उबेत. नळ बंद केला की मधल्या नळीत उरलेले पाणी उताराने बाहेर गळून जाते आणि गोठायला काही उरत नाही. माझ्या जावयांनी मात्र शरद ऋतूत झाडांना पाणी घालून झाल्यावर रबरी नळी नळाला तशीच जोडून ठेवली होती. त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही.

पाण्याची रीत निराळी आहे. चार अंश सेल्सिअसला ते सर्वांत दाट असते. त्याहून थंड होऊ लागले की पुन्हा पसरू लागते आणि गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. याच गुणामुळे बर्फ तलावावर तरंगतो आणि त्याखाली मासे जगतात. पण बंद नळीत हाच गुण घातक ठरतो. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने मुलीला समजावून सांगितले की, नळी पुष्कळदा बर्फ धरलेल्या जागी फुटतच नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो; त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये जे पाणी अडकते त्यावर दाब चढत जातो, आणि जाड पितळही तिथे उभे चिरते. बर्फ असेपर्यंत चीर दिसत नाही. वसंतात नळ उघडल्यावरच ती उघडी पडते. म्हणून जुन्या पद्धतीच्या नळांबाबत तिकडचा नियम असा : थंडीपूर्वी रबरी नळी काढावी, आतली चावी बंद करावी आणि बाहेरची तोटी मात्र उघडी ठेवावी.

‘‘पप्पा, थंडीनं नाही फुटला,’’ ती म्हणाली, ‘‘पाणी कोंडल्यानं फुटला.’’

तिला धीर देऊन मी फोन ठेवला आणि सरळ गडग्याकडे गेलो. माझ्या नळाला थंडीची बाधा होणे शक्य नव्हते. पण दोन्ही बाजूंनी बंद करून त्यात पाणी मीही दोन वर्षे कोंडले होते. आतली चावी कशीबशी फिरली. बाहेर जाऊन तोटी फिरवू लागलो, तर मूठच हातात आली. उरलेल्या तुकड्याचा पिवळेपणा गेला होता. पितळेत तांबे आणि जस्त असते. खाऱ्या, दमट हवेत आणि साचलेल्या पाण्यात जस्त झिजून जाते व मागे उरते ते सच्छिद्र, तांबूस आणि ठिसूळ. लोखंडी नळीचे आटेही गंजाने खाल्ले होते. मी त्या वृद्धेला सांगितलेले खोटे आता खरे झाले होते. नळ बिघडला होता.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एका तरुण प्लंबरला बोलावले. रात्रभर सांध्यावर रॉकेल सोडून ठेवले होते. त्याने एका पान्याने नळी धरली आणि दुसऱ्याने तोटी फिरवली. नळी न धरता नुसती तोटी फिरवली असती तर गडग्यातली नळीच पिरगळली असती. तरी सडलेला तुकडा कापावाच लागला. त्या जागी प्लास्टिकची नळी बसवली, म्हणजे निदान ती गंजणार नाही. नव्या नळाच्या आट्यांवर त्याने पांढरी टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळली. मी म्हटले, अजून घट्ट कर. तो हसून म्हणाला, ‘‘गुरुजी, जास्त आवळलं की सांधा चिरतो. गळणार नाही एवढंच आवळायचं.’’

नळ मात्र या वेळी निराळा निवडला. दाबला की वाहतो आणि थोड्या वेळाने आतल्या स्प्रिंगने आपोआप मिटतो. कोणी उघडा टाकून जायचा प्रश्नच नाही. खाली जांभ्याची दोन चिरे बसवून सांडपाण्याचा पाट गडग्यातल्या माडाकडे वळवला. सारे काम अर्ध्या दिवसाचे. दोन वर्षांपूर्वीही ते अर्ध्या दिवसाचेच होते. पाणी वाया जाऊ न देण्याचा मार्ग मी तेव्हा शोधला नाही, कारण मला पाणी वाचवायचे नव्हते. मला माझा राग राखायचा होता. आपल्या घराघरांत असे काही ना काही कोंडून ठेवलेले असते. भावाशी धरलेला अबोला, शेजाऱ्याविषयीची अढी. आपल्याला वाटते, चावी बंद केली म्हणजे विषय संपला. आत चीर पडत असते आणि ती दिसत नाही.

संध्याकाळी ती वृद्धा पाटी घेऊन आली. मी रस्त्यावरच उभा होतो. तिला नळ कसा दाबायचा ते दाखवले आणि धीर करून म्हटले, ‘‘बाय, त्या वेळी नळ बिघडला नव्हता. मीच बंद केला होता.’’

तिने ओंजळ भरून पाणी प्यायले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, ‘‘ठाऊक होतं गुरुजी. तुमची टाकी भरून वाहायची, त्याचा आवाज इथवर यायचा.’’

मग पाटी खाली ठेवून तिने पायांवरचा चिखल धुतला. नळ मिटला की ती पुन्हा दाबायची. मला त्या रविवारी म्हटलेले स्तुतिगीत आठवले, आणि त्यातल्या हिमालाही मी पहिल्यांदाच मनापासून हाक मारली.