लाईट गेल्यावरचं गाणं

कोल्हापुरात पावसाळ्यात तबला लावणं ही वेगळीच मेहनत असते. हवेत ओल असली की पान सैल पडतं, चाट बद्द वाजते, आणि घरी चोख लावलेला तबला रंकाळ्यावरून मंगळवार पेठेत पोचेपर्यंत उतरलेला असतो. तिथं गठ्ठे ठोकून तो चढवावा, तर समोर हॅलोजन लावलेला. त्या उष्णतेनं पान तापतं आणि बडा ख्याल रंगात येतो तोवर तबला वर सरकायला लागतो. म्हणून हातोडी मी मांडीला लागूनच ठेवतो. गायिका लांब आलापात असली की गजऱ्यावर हलका ठोका द्यायचा, तोही ठेका न सोडता.

साथीदाराला लोक मैफलीतले किस्से विचारतात. कोण कुणावर चिडलं, कोण मधेच उठून गेलं. तसे किस्से असतात, पण माझ्या मनात ते टिकले नाहीत. टिकले ते प्रसंग, जेव्हा काहीतरी बंद पडलं आणि त्यामुळं ऐकू येऊ लागलं.

त्यातला एक मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवरचा. ऑगस्टचा पाऊस, वर कौलं, खाली सतरंज्या. गाणाऱ्या बाई जयपूर घराण्याच्या. बिहागडा मांडलेला, विलंबित तीनताल. या घराण्याचं विलंबित फार संथ नसतं. प्रत्येक मात्रा हाताला लागते, आणि तबलजीनं ठेका स्वच्छ, सारखा धरावा एवढीच बाईंची अपेक्षा. माझ्यासमोर मॉनिटर स्पीकर होता. बाई माझ्या डाव्या हाताला दीड हातावर बसलेल्या, पण त्यांचा आवाज मला त्या डब्यातून येत होता. या गोष्टीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही विचित्र आहे हे जाणवतही नाही.

अंतऱ्याला हात घातला आणि लाईट गेली. स्पीकर धप्पकन बंद. विजेवरची सूरपेटी जिन्याजवळच्या प्लगवर चालत होती, तीही गप्प झाली. एका क्षणात माझा तबला माडीभर दणाणायला लागला आणि बाईंचा आवाज त्याच्या मागं गेला. पुढच्या मात्रेच्या आत हात बदलावा लागला. डग्ग्यावरचं मनगट सैल केलं, भरण्याचे बोल सगळे गाळले, चाटेवर बोट नुसतं टेकवलं. मागे बसलेल्या बाईंच्या शिष्येनं खरा तानपुरा छेडायचा थांबवला नव्हता. इतका वेळ सूरपेटीखाली दबलेला तो मिरजेचा भोपळा आता असा बोलू लागला की पाच मिनिटांपूर्वी तो इथं होता यावर विश्वास बसेना.

संयोजक अंधारात पुढं सरकून म्हणाले, "बाई, थांबायचं का जरा? जनरेटरवाल्याला फोन लावलाय." बाईंनी गाता गाताच हातानं त्यांना बसवलं. कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली, तर मागून आवाज आला, "बंद कर की रे ते."

आणि मग बाईंनी गळा उघडला. माईकसमोर त्या मंद्रात कुजबुजीसारख्या गात होत्या. तो सूर माईकला चालतो, माडीला चालत नाही. आता त्यांनी आकार मोकळा सोडला. मला त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. अकराव्या मात्रेला त्या श्वास घेत, आणि त्या श्वासाच्या लांबीवरून मला कळत होतं की आता त्या समेवर थेट येणार की सम ओलांडून पुढच्या आवर्तनात उतरणार. मॉनिटरवर हे कळलं नसतं. तिथं सूर येतो, पण सूर घेण्याआधीचा माणूस येत नाही. त्या रात्री मी त्यांच्या समा अंदाजानं पकडल्या नाहीत, त्यांच्याबरोबर गेलो.

हे सगळ्यांनाच सुखाचं होतं असं नाही. जिन्यात उभ्या असलेल्यांना काहीच ऐकू येईना. एक काका वैतागून म्हणाले, "आम्ही काय नुसतं उभं राहायला आलोय काय ओ?" बाईंनी चीज थांबवली आणि म्हणाल्या, "वर या सगळे, इथं जागा आहे." जागा नव्हती. तरी माणसं आली, गादीला टेकून बसली. एक लहान मुलगी माझ्या डग्ग्याला गुडघा लावून बसली, माझं कोपर तिच्या रिबिनीला लागत होतं. अर्ध्या तासानं लाईट आली तेव्हा बाईंनी माईकचा स्टँड स्वतः उचलून बाजूला ठेवला.

त्या रात्रीनंतर मी आमच्या गावच्या गाण्याचा इतिहास पुन्हा वेगळ्या कानानं वाचला. १८९५ साली शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना, म्हणजे बाईंच्या जयपूर घराण्याच्या मूळपुरुषाला, कोल्हापूर दरबारी आणलं. तरुणपणी एका संस्थानात दिवसच्या दिवस सलग गावं लागल्यानं खाँसाहेबांचा आवाज बसला होता. बराच काळ तो आला नाही, आणि आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. गुंतागुंतीच्या, लयीला बिलगून जाणाऱ्या ताना, लांब दमाचा आकार, अनवट आणि जोडराग. केसरबाई, मोगूबाई त्यांच्याकडे शिकल्या. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले, पण मुलगा भूर्जीखाँ कोल्हापुरातच राहिले, आणि मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकायला आले. एवढं मोठं गाणं उभं राहिलं ते एका बसलेल्या आवाजातून. आणि ते उभं राहिलं त्या काळात कुठल्याही सभागृहात ध्वनिक्षेपक नव्हता. त्यातला आकार, त्यातला दम, हे सगळं भिंतीपर्यंत पोचण्यासाठीचं सामान आहे. आपण आज ते सामान माईकच्या जाळीसमोर चार बोटांवर मांडतो.

विनामाईकच्या त्या काळातलेच गायक नट, संगीतसूर्य केशवराव भोसले, आमच्याच गावचे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर त्यांनी संयुक्त 'मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या नाटकाचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, तेही कोल्हापूरचे आणि स्वतः पेटीचे मोठे साथीदार. त्या प्रयोगात शेवटच्या रांगेपर्यंत जे गेलं ते गळ्याच्या जोरावर गेलं. मला त्या रात्रीच्या तबलजीबद्दल कुतूहल वाटतं. किती हलक्या हातानं वाजवलं असेल त्यानं!

मनात टिकलेला दुसरा प्रसंग मिरजेचा, तो थोडक्यात सांगतो. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं. रात्री उशिरा मध्य लयीत असताना माझं पान फुटलं. एक 'फट्' आणि शाईजवळ चीर. गाणारे बुवा थांबले नाहीत, मी डग्ग्यावरच ठेका धरून राहिलो. तेवढ्यात श्रोत्यांतून हातोहात एक तबला पुढं आला. आश्चर्य म्हणजे तो जवळजवळ सुरात होता, दोन घरं ठोकली की झालं. तो कुणी लावला, कुणासाठी आणला होता, हे पहाटेपर्यंत समजलं नाही. तबला परत घ्यायला आला एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला. मी पैसे, चहा काहीतरी देऊ करू लागलो. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची किनार माझ्या तबल्यावर कशी वाजली ते ऐकलं, बास झालं." साथीदाराला दाद अशी कधीतरी मिळते, आणि ती जन्मभर पुरते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेशेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू. मी तिथं कितीतरी वेळा वाजवलं, आणि कायम माईकवर वाजवलं. ती जागा मुळात माणसाच्या गळ्यासाठी बांधलेली, आणि तिच्यात मी एकदाही विनामाईक ठेका धरला नाही, याचं मला दुःख आहे.

आता तिची पुनर्बांधणी चालली आहे. नव्या नाट्यगृहात उत्तम ध्वनियंत्रणा बसेल, बसावीच. नाटकाला, ऑर्केस्ट्राला ती लागणार. पण स्पीकर टांगायच्या आधी, छत आणि भिंती तयार झाल्या की एका संध्याकाळी गाव बोलवावं. एक तानपुऱ्यांची जोडी, एक पेटी, एक तबला आणि जयपूरचा एखादा भरदार आकार. शेवटच्या रांगेत कान तयार असलेली चार माणसं बसवावीत, आणि आवाज कुठं अडकतो, कुठं घुमतो ते त्यांना विचारून मगच तंत्रज्ञांना आत सोडावं. ओळखीच्या संयोजकांना मी हे सांगून ठेवलं आहे. तबला मी घेऊन येतो, मानधनाचा प्रश्न नाही. फक्त हॅलोजन लांब ठेवा.