शेजारणीचं कलम

लालबाग-परळच्या चाळीत कुणाच्या घरात मार बसतो, हे विचारत फिरावं लागत नाही. दहा बाय बाराच्या खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला नळ. रात्री एका खोलीत भांडं आपटलं की चार दारं पलीकडची बाई कूस बदलते. सकाळी नळावर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. निघालाच विषय तर एवढंच ऐकू येतं, ‘त्यांच्या घरचं आहे, आपण कशाला मध्ये पडा?’

गेली काही वर्षं मी एका महिला मंडळाबरोबर या भागात कौटुंबिक हिंसेबद्दल बोलत फिरते. गिरगावातल्या वाड्या, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी, लालबागच्या गल्ल्या. या फिरण्यात माझी खात्री होत गेली आहे की इथे मार खाणारीच्याही आधी तो मार ऐकणारीला गाठायला हवं.

बैठकीला आम्ही ‘जनजागृती शिबिर’ वगैरे नाव देत नाही. तसा बॅनर लावला की ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे अशाच बायका येतात. संक्रांत ते रथसप्तमी हे आमचे खरे कामाचे दिवस. हळदीकुंकवाला जायला घरात कुणी आडकाठी करत नाही. सासूसुद्धा सोबत येते, आणि ती यायला हवीच असते. आमच्याकडे कुंकू सगळ्यांना लागतं, विधवेला, नवऱ्याने टाकलेलीला, लग्न न केलेलीला. पहिल्यांदा काही काकू उठून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याच पुढच्या सतरंजीवर होत्या.

वाणाबरोबर छापील कागद मात्र द्यायचा नाही, हा आमचा पक्का नियम. कागद घरी जातो, तांदळाच्या डब्यात नाहीतर उशीखाली सापडतो, आणि त्यावरूनच पुढची रात्र वाईट जाते. त्यापेक्षा नंबर पाठ करून घेतो. मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३, राज्यभर चालणारी १८१, काहीच सुचलं नाही तर ११२. एका हळदीकुंकवात एका तरुण वहिनीला नाव घ्यायचा आग्रह झाला. ती पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘वाटीत तिळगूळ, समईत वात, एकशे तीनला सांगा, कुणी उगारला हात.’ कुणीतरी ओरडलं, ‘अगं, पण नाव कुठाय?’ ती म्हणाली, ‘ते फोनवर सांगेन.’ हशा पिकला. तिची जाऊ हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि निघताना तिने चपला घालायला जरा जास्त वेळ लावला. त्या वेळात तिने काय विचारलं ते मी इथे लिहिणार नाही. पण तिला नंबर पाठ झाला होता.

कायद्यातलं एकच कलम मी प्रत्येक बैठकीत न चुकता सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं चौथं कलम शेजारणींसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. एखाद्या घरात हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला ज्याच्याकडे कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला तसं कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवलं असेल तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीही जबाबदारी येत नाही. हे ऐकल्यावर बायकांमध्ये कुजबुज सुरू होते. इतकी वर्षं गप्प बसायला जे कारण होतं, ‘आपल्यावरच केस व्हायची’, ते त्या कुजबुजीत हळूहळू गळून पडताना दिसतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्के बायकांनी कुणाची मदत मागितली होती. 77 टक्के जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. तिने सांगितलं नाही हे खरं. पण चाळीत तिने न सांगताही ते किती कानांवर गेलं होतं, हे कुठल्या तक्त्यात येणार?

लालबागच्या एका बैठकीत एक आजी बोलायला उठल्या. मूळच्या सिंधुदुर्गातल्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगारांची खाणावळ चालवायच्या. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्या काळातल्या या बाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या महागाईविरोधी मोर्च्यांत त्या लाटणं घेऊन गेल्या होत्या. आजी म्हणाल्या, ‘अगो, सरकारच्या दारात लाटणा घेऊन जाऊक भियालंव नाय, आणि शेजारच्या दारार हात मारूक कसला भय?’ मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. पलीकडे आवाज चढला की वाटी घेऊन जायचं आणि दार ठोठावायचं. ‘साखर असा काय गो?’ साखर घरात भरपूर असायची. पण दार उघडायला लागायचं, हात खाली यायचा, आणि आजी वाटी भरेपर्यंत उंबऱ्यातून हलायच्या नाहीत. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम देशभर गाजली. शेजाऱ्याने बेल वाजवावी, एवढंच तिचं मागणं होतं. आजींनी ती मोहीम पाहिलेली नव्हती.

पुरुषांशी बोलायचं तर गणेशोत्सव मंडळाच्या पोरांपासून सुरुवात करावी लागते. रात्री-अपरात्री चाळीत जागं असणारं तेच एक मनुष्यबळ. माझ्या आईने मला लहानपणी ‘मुलगी झाली हो’ दाखवलं होतं. ज्योती म्हापसेकरांचं, स्त्री मुक्ती संघटनेने 1983 पासून गल्लोगल्ली केलेलं नाटक. त्याच वाटेने आम्ही या पोरांना पथनाट्यात घेतलं. तालमीत एक जण चिडून म्हणाला, ‘ताई, आम्ही गेलो होतो मध्ये. तीच आम्हाला म्हणाली, तुम्ही कोण? चालते व्हा!’ मी म्हटलं, ‘तुम्ही गेल्यावर तिला त्याच खोलीत झोपायचंय ना रे? मग ती दुसरं काय म्हणणार?’ तो गप्प झाला. नंतर त्या प्रसंगाचे संवाद त्यानेच लिहिले. मुलांना घेऊन गॅलरीत बसायचं, तिच्याकडून साक्ष मागायची नाही, त्याच्याशी मारामारी करायची नाही, सकाळी मंडळातल्या ताईंना कळवायचं, हे सगळं त्यात आलं.

25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसेविरोधातला पंधरवडा जगभर पाळला जातो. दादरला त्यात 6 डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन येतो. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही बसतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, हे तिथे आलेल्या मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या बायांना आम्हाला सांगावं लागत नाही. त्या थेट विचारतात, ‘कळवलं तर कुणी येतंय का?’ मी खोटं बोलत नाही. पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून सांगते, एकटीने जाऊ नका, आणि पोलिसांनी या कायद्यातले तुमचे हक्क तुम्हाला सांगायलाच हवेत, हे पाचवं कलमही लक्षात ठेवा.

चाळीतला सर्वांत मोठा धाक मात्र खोलीचा आहे. खोली सासऱ्याच्या नावावर, पागडीची पावती सासऱ्याच्या नावावर, आता रिडेव्हलपमेंटचा करारही त्याच्याच नावावर. ‘तक्रार केली तर नव्या फ्लॅटमध्ये पाय ठेवू देणार नाहीत,’ असं बाई म्हणते तेव्हा तिची भीती खोटी नसते. सतरावं कलम सांगतं की मालकी असो-नसो, सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. ते घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी सामाईक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. हा निकाल चाळीत समजावून सांगताना मी मुद्दाम सावकाश बोलते, कारण तेव्हा बायका श्वास रोखून ऐकतात.

पण चाळ उठते आहे. टॉवरमध्ये गॅलरी नाही, नळ घराघरात, लिफ्टमधून उतरलं की दार बंद. घर मोठं झालं याचा मला आनंदच आहे. संडासाच्या रांगेत जन्म काढलेल्या बायकांना ते मिळायलाच हवं होतं. पण साखरेची वाटी आता कुणाच्या दारावर न्यायची? एका नव्या इमारतीत आम्ही बैठक मागितली तेव्हा ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं उत्तर मिळालं.

म्हणून आता आम्ही घरकाम करणाऱ्या बायकांना भेटतो, दुपारी दोन कामांच्या मधल्या वेळात, इमारतीच्या मागच्या गेटशी. बंद दाराच्या आत रोज जाणाऱ्या त्याच. गालावरचा वळ त्याच बघतात, फुटलेली काच त्याच झाडतात. चौथं कलम सांगितल्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, ‘ताई, आमच्यावर केस नाय होणार, कळलं. पण आमचं नाव बाहेर आलं नि काम गेलं तर? त्याचं कलम हाय का?’

तसं कलम नाही, हे मी तिला सांगितलं. मग आम्ही तिथेच ठरवलं. त्यांनी आम्हाला सांगायचं, आणि संरक्षण अधिकाऱ्याला आम्ही आमच्या नावाने कळवायचं. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ म्हटलंय; त्या व्यक्तीने तो मार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असावा, अशी अट त्यात कुठे नाही.