कपचीचे मोल

आमच्या आंधळगावात पाट्याला टाकी लावणारी बाई येत असे. तिची छिन्नी दगडावर नाचू लागली, म्हणजे बारीक कपच्या चहूकडे उडत. काम संपले, की त्या झाडून टाकावयाच्या, एवढेच त्यांचे मोल! अश्मयुगातील माणसाविषयी वाचताना मला हटकून त्या कपच्या आठवतात. कारण त्याच्या हत्यारांचा सारा इतिहास कपचीनेच बदलला.

नेवासे हे गाव ज्ञानेश्वरीमुळे तुम्हांला ठाऊक आहेच. तेथे प्रवरेच्या काठी डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. नदीकाठच्या गोट्यांच्या खालच्या थरात त्यांना काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या लाखो वर्षांपूर्वीच्या. दगडाने दगडावर दोन्ही अंगांनी घाव घालावयाचे, नको तो भाग उडवावयाचा आणि मुठीत मावेल असे टोकदार हत्यार मागे ठेवावयाचे, ही त्यांची रीत. ती ओबडधोबड म्हणून हसू नका. काळ्या पाषाणाला आकार देणे किती अवघड, हे त्या टाकीवालीला विचारावे.

वरच्या थरातील हत्यारे मात्र लहान आहेत. ती अकीक, जॅस्पर अशा कठीण, बारीक पोताच्या दगडांची आहेत आणि बहुतेक चक्क कपच्यांचीच आहेत! ताज्या कपचीची कड सुरीसारखी असते. हे ध्यानी येताच माणूस दगडातून मुद्दाम हव्या तशा कपच्या काढू लागला. कातडे खरवडण्यास, लाकूड तासण्यास त्याच उपयोगी पडू लागल्या. माझ्या मते, येथे हाताहून नजर अधिक बदलली.

पुढे, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, नेवाशास शेतकरी राहू लागले. त्यांना तांबे माहीत होते. पण ते दुर्मीळ. म्हणून कापण्याचे काम कॅल्सेडोनी नावाच्या गुळगुळीत दगडाच्या पात्यांकडे असे. या पात्यांची युक्ती मोठी नामी! प्रथम दगडाच्या एका अंगाला आळीपाळीने दोन्हीकडून ठोके देऊन, घराच्या आढ्यासारखी उभी धार काढावयाची. मग माथ्यावर नेमका दाब दिला, की ती धार सबंध निघून येई, आणि तिच्या मागोमाग त्याच वाटेने लांब, सरळ पाती एकामागून एक सुटत. मुठीएवढ्या दगडातून एका हातकुऱ्हाडीऐवजी अनेक पाती मिळू लागली. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत ओळीने बसवीत. एखादे मोडले, तर तेवढेच काढून नवे बसवावयाचे.