‘केवळ’ एक सिद्धांत

काही शब्द एकदा तोंडून गेले की परत घेता येत नाहीत. त्यांची भरपाई तेवढी करता येते. असाच एक शब्द काही वर्षांपूर्वी मी आमच्या धर्मग्रामातील श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात उच्चारला. शब्द साधाच होता : ‘केवळ’.

दृढीकरण संस्काराच्या तयारीचा तो वर्ग. उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या अध्यायावर मी बोलत होतो. अकरावीला शास्त्र शाखेत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “फादर, कॉलेजात आम्हांला उत्क्रांती शिकवतात. मग या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?” प्रश्न प्रामाणिक होता. वर्ग संपायला थोडाच अवधी उरला होता आणि, खरे सांगायचे तर, उत्तराची माझी तयारी नव्हती. तेव्हा मी प्रश्नच लहान करून टाकला. “बाळ, ती केवळ एक थिअरी आहे. अजून सिद्ध व्हायची आहे,” मी म्हणालो. दोन-चार मुले हसली. मुलगी खाली बसली. पुढच्या रविवारीही ती वर्गाला आली. पण त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. विद्यार्थ्याचे मौन म्हणजे समाधान नव्हे, हे मला तेव्हा उमजायला हवे होते.

त्या वेळी माझी अशी समजूत होती की विज्ञानात एक शिडी असते. तळाशी तर्क, त्यावर सिद्धांत, त्यावर नियम आणि सर्वांत वर वस्तुस्थिती. सेमिनरीतला मुलगा आधी डीकन होतो, मग धर्मगुरू, आणि एखाद्याच्या वाट्याला बिशपपद येते. तसाच पुरेसा पुरावा मिळाला की सिद्धांतही बढती मिळून नियम होत असावा! ही समजूत चुकीची आहे हे मला कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर त्याच मुलीच्या आजोबांनी दाखवून दिले, तेही त्यांच्या नकळत.

एके सकाळी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देऊन परतताना मी बंदरावर थांबलो. ऐंशीच्या घरातले ते कोळी बाबा धक्क्यावर जाळे दुरुस्त करीत बसले होते. मी सहज विचारले, “बाबा, आज पाणी कधी भरणार?”

“आज पंचमी ना? पावणेचारला,” ते हातातले काम न थांबवता म्हणाले. “तिथीची पाऊणपट करायची, फादर. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पुनवेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण खरे बाराच्या सुमाराला भरते. थोडे मागेपुढे होते.”

“पण पाऊणपटच का?”

“ते मला ठाऊक नाही. बापाने शिकवले. आजवर होडी कधी चिखलात रुतली नाही, एवढे खरे.”

कुतूहल म्हणून दुपारी पुन्हा बंदरावर गेलो. चार वाजून गेले आणि पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीवर येऊन थबकले. त्या पायरीवर उभ्या उभ्याच माझी शिडी कोसळली.

वाचकहो, पायरी भिजली ही वस्तुस्थिती. ती डोळ्यांनी पाहता येते, घड्याळाने मोजता येते. तिथीची पाऊणपट हा नियम. अनेक वस्तुस्थितींमधून दिसणारी सुसंगती तो थोडक्यात सांगतो : काय घडेल, केव्हा घडेल, किती घडेल. परंतु ‘का’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. ‘का’चे उत्तर देतो तो सिद्धांत. आपल्या भाषेत त्याला उपपत्ती असाही एक सुरेख शब्द आहे.

भरतीची उपपत्ती न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. चंद्र पृथ्वीला ओढतो. परंतु त्याच्या बाजूचे पाणी जवळ असल्याने अधिक ओढले जाते आणि पलीकडच्या बाजूचे पाणी दूर असल्याने कमी. म्हणून पाण्याला दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना एका दिवसात सामान्यतः दोन भरत्या येतात. दरम्यान चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला आपल्या किनाऱ्याला रोज सुमारे पन्नास मिनिटे अधिक फिरावे लागते. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढही चंद्राच्या ओढीला साथ देते तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात तेव्हा भांगाची भरती.

आता बाबांच्या पाऊणकीकडे पाहा. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे जाते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. तिथीमागे तीन मिनिटे कमी पडतात आणि पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तासाची होतात. हिशेबाचे सव्वाअकरा आणि प्रत्यक्षातले बारा यांतला फरक तो हाच! नियम कोठे आणि किती चुकतो, तेदेखील सिद्धांताने सांगितले. बाबांचा नियम आणखी शंभर वर्षे वापरला गेला म्हणून तो सिद्धांत होणार नाही, आणि सिद्धांताला आणखी शंभर पुरावे मिळाले म्हणून तो पाऊणकी होणार नाही. दोघांची कामेच वेगळी. त्यांत थोरला-धाकटा नाही.

मग सिद्धांत कधी चुकत नाही काय? चुकतो. गॅलिलिओने 1632 साली भरती-ओहोटीची आपली उपपत्ती मांडली. पृथ्वीच्या गतीमुळे समुद्राचे पाणी हिंदकळते, असे त्याचे म्हणणे होते. चंद्राचा प्रभाव त्याने मानलाच नाही. त्याच्या स्पष्टीकरणातून दिवसाला एकच भरती निघत होती आणि समुद्र तर दोन वेळा भरत होता. पृथ्वी फिरते हे त्याचे म्हणणे खरे होते. त्यासाठी दिलेला भरतीचा पुरावा मात्र टिकला नाही. येथे मला सिद्धांताचे खरे स्वरूप दिसले. तो मनास येईल तसा केलेला अंदाज नव्हे. वस्तुस्थितीसमोर त्याला रोज उभे राहावे लागते आणि एका ठाम ‘नाही’ने तो पडू शकतो. एवढे धोके पत्करूनही जो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, त्याला ‘केवळ’ म्हणणे हा अन्याय आहे. आणि गॅलिलिओवर 1633 साली चाललेल्या खटल्याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली, म्हणजे तब्बल साडेतीन शतकांनंतर, त्या वेळच्या ईशज्ञान्यांची चूक मान्य केली, हे तर आम्हां धर्मगुरूंनी कधीच विसरू नये.

हाच कस मी उत्क्रांतीला लावून पाहिला. खडकांच्या जुन्या थरांत एक प्रकारचे जीव सापडतात, नव्या थरांत दुसऱ्या प्रकारचे; ही वस्तुस्थिती. आई-बापांचे गुण संततीत कोणत्या प्रमाणात उतरतात, याचे नियम ब्रनो येथील मठातील ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून 1866 साली प्रसिद्ध केले. बदल का आणि कसे टिकतात, हे सांगणारा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनने 1859 साली ग्रंथरूपाने मांडला. हा सिद्धांतही समुद्रासारख्या कठोर परीक्षकासमोर उभा राहिला आहे. मासे आणि चतुष्पाद प्राणी यांना जोडणारा जीव असेल तर तो साधारण साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळावा, असा हिशेब करून शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडील एल्समेअर बेटावर शोध घेत राहिले. 2004 साली तो मिळाला : माशाचे खवले, पण मान वळवता येणारा आणि परांत मनगटासारखी हाडे असलेला टिकटालिक. कोठे खणायचे हेही ज्याने सांगितले, त्याला मी वर्गात ‘अजून सिद्ध व्हायची’ म्हणालो होतो.

आपल्या भाषेनेही मला थोडे फसवले असावे. ‘उत्क्रांतिवाद’ म्हटले की बांधावरच्या वादासारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते : अजून निकाल लागायचा आहे! पण ‘सापेक्षतावाद’ म्हणताना अशी शंका मला कधी आली नव्हती. तेव्हा दोष भाषेचा कमी आणि माझा अधिक.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 साली परमपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात, नव्या ज्ञानामुळे उत्क्रांतीचा सिद्धांत आता गृहीतकापेक्षा अधिक काही आहे हे मान्य करावे लागते, असे म्हटले होते. त्याच वेळी माणसाचा आत्मा केवळ जडद्रव्यातून उपजला असे मानणारी मते त्यांनी नाकारली होती. उत्पत्तीचे पुस्तक आणि विज्ञानाची उपपत्ती यांचे प्रश्न एक नाहीत, हे यातून समजण्याजोगे होते. संत ऑगस्टीन यांनी तर त्याहून सोळा शतके आधी बजावले होते की, निसर्गाविषयी जाणकारांपुढे ख्रिस्ती माणूस अज्ञानाने बोलू लागला तर लोक त्याच्याबरोबर पवित्र शास्त्रालाही हसतात. हे मी सेमिनरीत अभ्यासले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. वर्गात मात्र एका सोळा वर्षांच्या मुलीपुढे ते आठवले नाही.

पुढच्या वर्षीच्या वर्गात मी सुरुवातीलाच माझी चूक सांगितली आणि मुलांना पाऊणकीचा हिशेब करायला लावला. पण ती मुलगी तेव्हा तेथे नव्हती. जीवशास्त्र शिकायला ती पुण्याला गेली होती. नाताळच्या सुट्टीत मिस्सानंतर ती आजोबांचा हात धरून बाहेर पडताना दिसली, तेव्हा मी तिला थांबवले. “बाळ, त्या दिवशी मी तुला चुकीचे उत्तर दिले. मला क्षमा कर,” मी म्हणालो.

ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, “फादर, चुकीच्या उत्तराचे एवढे नाही. मला वाटले, आता दोन्हींतले एकच निवडावे लागणार. फार दिवस तसेच वाटत होते. तुम्ही ‘मला ठाऊक नाही’ म्हणाला असता तरी चालले असते.”

शेजारी तिचे आजोबा उभे होते. आयुष्यभर नियम अचूक पाळूनही त्याचे कारण विचारताच ‘ठाऊक नाही’ असे सरळ सांगणारे. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना आमच्या बोलण्यातले फारसे काही कळले नसावे. ते आभाळाकडे पाहून तिथी मोजत होते.