खाणारं तोंड

आमच्या भरे गावात आता गवत कुणी कापत नाही, मारतात. श्रावण लागला की फार्महाउसवाल्यांचे फोन सुरू होतात, "गवत मारायला माणूस मिळेल का?" माझ्या लहानपणी मारायचे ते ढेकूण आणि विंचू. गवत कापायचे, आणि कापायचे ते कुणाच्या तरी पोटात घालायला. हा शब्द कधी बदलला ते मला कळलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मशीन घ्यायला निघालो, तेव्हा ते ध्यानात आलं.

मशीन साधं नव्हतं. बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं, पोटाखाली पाती फिरणारं. माझ्याकडे एक एकर भाताचं खाचर आणि तीन एकर वरकस, म्हणजे उताराची जमीन. वरकसावर आंबे लावलेत, बाकी सगळं गवत. पिरंगुटच्या कंपनीतून निवृत्त झालो, गुडघे बोलायला लागले, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, घ्यायचंच तर बसून चालवायचं घ्या."

त्या वरकसावर आमच्या घराची तीन पिढ्यांची उठबस. नवरात्र संपलं की आबा विळा घेऊन निघत. विळा आधी लोहाराकडून पाणी देऊन आणलेला असे. मी त्यांच्या मागे. डाव्या मुठीत गवत धरायचं, विळा बुडाशी न्यायचा आणि आपल्याकडे ओढायचा. बस्स, एवढंच. पण मूठ सैल धरली तर गवत निसटतं आणि घट्ट धरली तर बोटाला पातं लागतं, हे शिकायला मला दोन हंगाम लागले. माझ्या करंगळीवरची खूण त्या दुसऱ्या हंगामातली. चार-पाच मुठींची एक पेंढी, गवताच्याच पिळानं बांधलेली. सगळी घाई कुसळ धरायच्या आत उरकायची. एकदा कुसळ धरलं की ते धोतरात, बैलाच्या जिभेत, मेंढरांच्या लोकरीत, कुठंही घुसतं आणि जनावर त्या गवताला तोंड लावत नाही.

त्या गवतातलं काहीच वाया जात नसे. चांगलं ते गंजीत, बैलांना आणि दोन गायींना. भरड ते छपराच्या शाकारणीला. उरलेलं चैत्र-वैशाखात राबाला. शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा थर असं रचून रोपाची जागा भाजायची आणि पहिल्या पावसात तिथं भात पेरायचं. आमचा आंबेमोहर त्या राखेतून उगवायचा. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांचा वाडा एखाददोन रात्री खाचरात बसे. मेंढरं धसकटं खात, लेंडीखत टाकत, आणि आबा त्याबद्दल त्यांना धान्य देत. गवत म्हणजे आमच्याकडचं चलनच होतं म्हणा.

फक्त एका गवताशी आबांचं वैर होतं, हरळीशी. कुदळीनं खणून तिच्या पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळ्या ते एकेक करून वेचत, माती झटकत आणि बांधावरच्या दगडावर उन्हात वाळत घालत. "एक पेर जमिनीत राहिलं तरी पुढच्या वर्षी अख्खं खाचर तिचं," असं म्हणत. गणपतीत मात्र तीच हरळी दूर्वा व्हायची. आई बांधावर बसून तीन पानांचे कोवळे शेंडे खुडायची आणि आबा तेवढे दिवस तिच्याबद्दल काही बोलायचे नाहीत.

मी नोकरीला लागलो तेव्हा कंपनीच्या दारात हिरवळ होती. माळी दोन चाकांचं, हातानं ढकलायचं मशीन तिच्यावरून नेई. चाकाबरोबर पात्यांचा रूळ फिरे आणि खालच्या स्थिर पात्यावर कात्रीसारखं गवत कापलं जाई. हे यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाचं, १८३० सालचं. स्ट्राउड गावच्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र होतं, ते पाहून त्याला वाटलं, जमिनीची लवही अशी कातरता येईल. लोक हसतील म्हणून तो रात्री ते चालवून बघायचा, असं सांगतात. मला त्या माळ्याचं एवढंच आठवतं की कापलेलं गवत तो भिंतीमागच्या खड्ड्यात टाकायचा. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "हे कुणाला घालता?" तो म्हणाला, "कुणाला घालायचं? साहेब, हे लॉन आहे." त्या गवताजवळ वाकून पाहिलं. हरळीच होती, नावाजलेल्या जातीची, विकत आणलेली.

बसायच्या मशीनवर मी पहिल्यांदा बसलो ते अमेरिकेत, मुलीच्या घरी. माझा जन्म १९६३चा. त्याच साली जॉन डिअरनं आपलं ११० नंबरचं पहिलं लॉन ट्रॅक्टर बाजारात आणलं, आणि त्याच साली कॅन्ससमध्ये जॉन रेगियर नावाच्या माणसानं जागच्या जागी गर्रकन वळणारं मशीन तयार केलं. म्हणजे मी आणि ती मशीनं, बरोबरीनं साठी ओलांडलेली. जावयानं किल्ली दिली आणि मी अर्ध्या एकराच्या हिरवळीवर सरळ पट्टे मारत सुटलो. मजा आली, खोटं कशाला बोलू! नांगर धरणाऱ्या घरातला माणूस, पहिल्यांदाच खुर्चीत बसून जमिनीवर फिरत होता. तिथं गवत ठरलेल्या इंचांपुढं वाढलं तर गावाची नोटीस येते. काम झाल्यावर जावयानं कापलेलं गवत मोठ्या कागदी पिशव्यांत भरलं आणि रस्त्याच्या कडेला ठेवलं. गाडी येऊन घेऊन जाणार होती. मी पिशव्या मोजल्या, नऊ. एवढ्यात एक गाय दोन दिवस काढेल. बोललो नाही, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही.

इकडे आमच्या गोठ्यातली शेवटची जोडी आबांच्या मागोमाग गेली. मुलं शहरात, शेण काढणार कोण? गवताला खाणारं तोंड उरलं नाही. दोन वर्षं ते तसंच उभं वाळलं. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये डोंगरावरून वणवा उतरला आणि आमच्या वरकसात शिरला. अकरा आंबे गेले. त्या काळ्या जमिनीवर उभा राहिलो तेव्हा कळलं, न खाल्लेलं गवत जळतंच. कुणी खायचं नसेल तर आगीनं खायचं, एवढाच त्याचा हिशेब.

मग मी खांद्याला अडकवायचा ब्रश कटर घेतला. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली गाडी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून फिरत्या दोरीनं गवत कापायची कल्पना सुचली आणि पहिला नमुना त्यांनी डब्याला मासेमारीची दोरी लावून केला. माझ्या कटरनं पहिल्याच आठवड्यात ठिबकची नळी तोडली आणि दुसऱ्या आठवड्यात उडवलेल्या खड्यानं माझ्याच गाडीची पुढची काच तडकवली. संध्याकाळी हात इतके थरथरत की चहाची बशी वाजे. म्हणून ते बसायचं मशीन.

दुकानात कागदावर सगळं सुंदर जमत होतं. बेचाळीस इंचांचं पातं, ताशी पाच किलोमीटर वेग. वळणं धरून तासाला एक एकर. आबांना आणि मला नवरात्रापासून दिवाळीपर्यंत लागायचं, ते तीन तासांत. किंमत काही लाख. पण विकणाऱ्याला मी म्हटलं, एकदा माझ्या जमिनीवर चालवून दाखवा.

मशीन आलं. विकणारा माझ्या वरकसाकडे बघून जरा गप्प झाला. पुस्तकात चढाची मर्यादा पंधरा अंश लिहिलेली, म्हणजे शंभर फुटाला सुमारे सत्तावीस फूट. माझ्या आंब्यांच्या वरच्या दोन ओळी त्याहून उभ्या. मध्ये काळा पाषाण डोकं काढून बसलेला. खाचरात उतरायचं तर बांध आडवे. आणि गवत कमरेइतकं. ही मशीनं गवताचा वरचा थोडा भाग नेमानं कातरायला केलेली, कमरेएवढं ओलं गवत आत गेलं की खालचं पोट भरून दम तोडतात. वीस फुटांत ते दोनदा थांबलं. माझ्या शेजारच्या वाडीतला गोठेवाला बांधावर उभा राहून बघत होता. तो सहज बोलला, "दादा, ह्या मशीनला पोट आहे, पण पचत काही नाही."

विकणारा हसला. मी नाही. इतकी वर्षं जे मनात होतं, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. मी मशीन शोधत होतो, कारण मला खाणारं तोंड हवं होतं.

तिथंच बांधावर बोलणं झालं. त्याच्याकडे अकरा म्हशी. भाद्रपद सरता सरता, कुसळ धरायच्या आत, तिन्ही एकर त्यानं कापायचं आणि न्यायचं. बदल्यात वैशाखात दोन ट्रॉली शेणखत. तो येतो तेव्हा त्याच्याकडेही ब्रश कटरच असतो, पण दोरीऐवजी पातं लावलेला. दोरीनं गवताचा भुगा होतो आणि म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. पात्यानं ते आडवं पडतं. मागून त्याची बायको आणि सून येतात, पेंढ्या बांधत. त्यांच्या हातात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा. मी आता बांधावर बसून बघतो. करंगळीची खूण कधीकधी खाजते.

घरापुढच्या दोन गुंठ्यांसाठी मात्र मी मशीन घेतलं. बायकोला अंगणात हिरवळ हवी होती. रोपवाटिकेतून चौकोनी तुकडे आणले आणि अंथरले. नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. एक तुकडा उलटा करून पाहिला. पांढऱ्या मुळ्या, गाठीगाठी. आबांनी बांधावर वाळत घातलेली, मी पैसे मोजून अंथरली. मशीन बडिंगच्या जातीचं, दोन चाकांचं, ढकलायचं. पेट्रोल नाही, आवाज जवळजवळ नाही. सकाळी चालवतो, गुडघ्यांनाही बरं.

पण मशीननं शेंडे जातात आणि शेंडे गेले की दूर्वा मिळत नाही. म्हणून कुंपणाकडचा हातभर पट्टा श्रावणापासून तसाच सोडतो. चतुर्थीच्या सकाळी बायको तिथं पाट टाकून बसते आणि तीन पानांचे शेंडे खुडते, एकवीस होईपर्यंत. पट्ट्याच्या कडेनं मशीन वळवताना मी जरा जपूनच वळवतो.