माझा बिनतारी संसार

आमच्या सोसायटीत सध्या माझ्याबद्दल दोन समज आहेत. एक म्हणजे मी पोलीस खात्यात काहीतरी करते आणि दुसरा म्हणजे मला अलीकडे कमी ऐकू येतं. दोन्हींचं कारण एकच. रोज रात्री साडेआठला मी गॅलरीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात उभी राहते आणि हातातल्या वॉकीटॉकीसारख्या संचात एकेक शब्द सुटा करून, जरा मोठ्यानं बोलते. कोपरा विशिष्ट, कारण तिथूनच दोन इमारतींच्या फटीतून पलीकडचा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर आमचा रिपीटर आहे. पण त्याबद्दल नंतर.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. पिंड कॉमर्सचा. घरातला फ्यूज उडाला तर आजवर 'यांना' हाक मारत आले. आता मात्र मी सरकारी परवाना असलेली हौशी रेडिओचालक आहे. या छंदाला सगळे 'हॅम रेडिओ' म्हणतात. शेजारच्या वहिनी विचारतात, "अहो, मोबाइल असताना हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमच्या 'यांनीही' तोच विचारला होता.

माझं माहेर श्रीवर्धनजवळच्या एका खेड्यात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिथे आई, दादा, वहिनी आणि माझी भाची होती. सकाळी दहाला दादाशी बोलणं झालं. "वारा सुटलाय, कौलं हलतायत. नंतर करतो," म्हणाला. त्यानंतर फोन गेला तो गेलाच. मोबाइलचे मनोरे पडले किंवा विजेविना मुके झाले. लँडलाइन त्याआधीच नावापुरती उरली होती. टीव्हीवर उन्मळलेली झाडं दिसत होती, पण आमच्या गावाचं नाव कुणी घेत नव्हतं. आणि दिवस लॉकडाऊनचे, त्यामुळे उठून जायचीही सोय नाही.

चार दिवस मी तो नंबर लावत होते. पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. गावातला एक मुलगा मोटारसायकलवरून, वाटेतली झाडं चुकवत, माणगावच्या बाजूला रेंज मिळेपर्यंत आला होता. खिशात वीसएक घरांचे नंबर लिहिलेला कागद. माझ्या वाट्याला अर्धं मिनिट आलं. "आत्या, तुमच्याकडचे सगळे धडधाकट आहेत. छप्पर गेलं. वाडी आडवी झाली. ठेवतो." सुपारीची वाडी आजोबांच्या हातची. पण त्या क्षणी वाडीचं काही वाटलं नाही, खरं सांगते.

पुढे फोन सुरू झाले, छप्परही झालं. माझ्या मनातून मात्र ते चार दिवस जाईनात. एकदा बँकेतले एक जुने सहकारी घरी आले होते. त्यांना हा छंद तीस वर्षांचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, संच विकत घेऊ नका." मला वाटलं, बाईमाणसाला नको म्हणतायत. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं, आधी परीक्षा, मग परवाना, मग संच. आणि त्याच्याही आधी, दुसरे कसे बोलतात ते महिनाभर नुसतं ऐकायचं.

आपल्याकडे या परवान्याच्या दोन श्रेणी आहेत, सर्वसाधारण आणि मर्यादित. मर्यादित श्रेणीला मोर्सची कटकट्ट यावी लागत नाही. परीक्षेत थोडं रेडिओशास्त्र आणि थोडे नियम. बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही बसू शकतं. वर्गात माझ्या एका बाजूला आठवीतला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला निवृत्त सुभेदार होते. ओहमचा नियम मला त्या आठवीतल्या मुलानं समजावला, नळ आणि पाण्याच्या टाकीचं उदाहरण देऊन. परीक्षा मी २०२२ साली दिली. पास झाल्यावर ओळखचिन्ह मिळतं. जगात त्या नावाचं दुसरं कुणी नसतं. भारताची सुरुवात 'व्हीयू'नं होते. त्यापुढे सर्वसाधारण श्रेणीला दोन आणि मर्यादितला तीन. राजीव गांधींनाही हा छंद होता, त्यांचं चिन्ह 'व्हीयू टू आर जी'.

आता रिपीटर. हातातल्या संचाची शक्ती फार तर पाच वॅट, म्हणजे आपल्या झिरोच्या दिव्याहूनही कमी. शिवाय या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये इमारत, टेकडी आली की खुंटल्या. शहरात जमिनीवरून जमिनीवर दोन-चार किलोमीटर गेला आवाज तर नशीब. म्हणून उंच डोंगरावर एक संच ठेवतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर, जास्त शक्तीनं, तेच बोलतो. आम्ही वापरतो त्या पट्ट्यात दोन लहरींमध्ये बहुधा सहाशे किलोहर्ट्झचं अंतर असतं. बोलताना आणि ऐकताना आपला संच ती अदलाबदल आपोआप करतो. आवाजाबरोबर एक बारीक, कानाला न जाणवणारा स्वरही पाठवावा लागतो. तो ओळखला तरच रिपीटर दार उघडतो, नाहीतर भलत्याच खरखरीनं रात्रभर बडबडत बसेल. भोवतालच्या मुलखापेक्षा सातशे मीटर उंच जागेवरून क्षितिज नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर जातं. म्हणजे माझा झिरोचा दिवा एकदम चार तालुक्यांत दिसू लागला म्हणा ना!

हे तंत्र झालं. मला आवडली ती त्यातली रीत. एका वेळी एकानंच बोलायचं. बटण दाबलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद, त्यामुळे थोडक्यात बोलायचं. फार लांबण लावली तर रिपीटर स्वतःच तोडतो. ही सोय काही कौटुंबिक समारंभांतही असायला हवी होती! दुसऱ्याचं बोलणं संपलं तरी लगेच सुरू करायचं नाही. एक श्वास थांबायचं. त्या फटीत कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर त्याला जागा मिळावी म्हणून. सुरुवातीला मला ती फट फार लांब वाटायची. आता फोनवर बोलतानाही मी थांबते, आणि पलीकडची व्यक्ती "हॅलो, हॅलो" करते.

रात्रीच्या त्या जमण्याला 'नेट' म्हणतात. एक जण हजेरी घेतो. प्रत्येकानं आपलं चिन्ह, नाव आणि ठिकाण सांगायचं. पहिल्या रात्री माझ्या घशाला कोरड पडली होती. बटण दाबून मी चिन्ह सांगितलं आणि पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "या ताई, आवाज स्वच्छ येतोय." बायका इतक्या कमी की सगळ्यांना कौतुक. या भाषेत बाईला 'वायएल' म्हणतात, म्हणजे तरुण स्त्री. वय काहीही असो. मी अर्थातच हरकत घेतलेली नाही.

तक्रारही सांगते. पुरुषमंडळींच्या निम्म्या गप्पा 'कुठला संच घेतला आणि कितीला' यावर चालतात. कपाटात चार-चार संच, आणि हजेरीला नाव महिन्यातून एकदा. माझ्या मते ही उलटी गंगा आहे. माझा एकच संच, काही हजारांचा. पण रोज त्याच्यावर बोलल्यामुळे मला कोणाचा आवाज कुठून, कसा येतो ते पाठ झालंय. हडपसरचे काका भिंतीआड गेले तरी खरखरीतून ओळखू येतात. आणि डोंगरावर पावसाळ्यापूर्वी बॅटऱ्या बदलायला जे दोघं-तिघं चढतात, ते या रोजच्या हजेरीतलेच असतात. रिपीटर काही देवळातल्या घंटेसारखा आपोआप टांगलेला राहत नाही.

२००४ची त्सुनामी आठवते ना? तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद काही हौशी मंडळींना घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हॅम रेडिओ लावायची परवानगी मिळाली होती. निव्वळ छंद म्हणून जगभरच्या लोकांशी त्या रोज बोलत होत्या. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि मग लाटा. बेटांचे फोन बंद पडले. त्यांचा संच मात्र लावलेला होता, तार चढवलेली होती आणि मुख्य भूमीवरचे कान त्यांच्या आवाजाला सरावलेले होते. 'अमुक माणूस सुखरूप आहे' असे निरोप मग त्याच वाटेनं गेले. मला त्यातली शौर्याची बाजू कळतेच, पण जास्त पटते ती आधीच्या तीन आठवड्यांची रोजची बडबड.

तर माहेरचं काय? रिपीटर कितीही उंच असला तरी पुणे आणि श्रीवर्धन यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, पण माझा हातातला संच तिथे कामाचा नाही. सर म्हणाले, "भिंतीतून नाही जात, तर वरून टाकू." सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर आकाशात सरळ वर सोडली, तर दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटून ती पावसासारखी खाली येते आणि मधले डोंगर तिच्या वाटेतच येत नाहीत. त्यासाठी अँटेना उंच नको, ठेंगणीच बरी. वीस मीटर तार दोन झाडांना बांधली की झालं.

पण पलीकडे परवाना असलेलं माणूस हवं. दादा म्हणाला, "मला वाडीतून सवड कुठे? नवी रोपं लावायचीत." वहिनींनी हात जोडले. राहिली भाची, तेव्हा अकरावीत. मी तिला माझ्या वह्या पाठवल्या, फोनवर प्रश्न विचारले, आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून ती पास झाली. तिचा संच विकतचा नाही. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा स्वस्तातला संच आखला. तो जगभरचे लोक घरी जोडतात. सरांच्या टेबलावर बसून आम्ही दोघींनी तो जोडला. तिनं डाग लावले, मी भिंग धरलं. चालतो मोटारच्या बॅटरीवर, आणि बॅटरी भरते कौलावरच्या सौरपट्टीवर. वीज गेली तरी चिंता नाही.

ठरलंय असं : दर रविवारी सकाळी नऊला बोलायचं. फोन बंद पडले तर रोज नऊला.

या सगळ्यात रुसली ती आई. परवाना नसलेल्या माणसानं या संचावर बोलायचं नाही आणि त्याचे खासगी निरोपही इकडून तिकडे द्यायचे नाहीत, असा नियम. आपत्तीत मात्र त्यात मोकळीक आहे. त्यामुळे रविवारी आई भाचीशेजारी पाटावर बसते आणि नुसती ऐकते. "तिला विचार, लोणच्याचा मसाला पोचला का," असं कुजबुजते. भाची मान हलवते, नाही म्हणून. मला इकडे ते कुजबुजणं ऐकू येतं आणि आईचा खोकलाही. दहा मिनिटांनी आई फोन करून मसाल्याचं विचारते आणि वर ऐकवते, "हा कसला रेडिओ, ज्यावर आईनं बोलायचं नाही!" मी गप्प बसते. नियमाला कारणं आहेत, पण ती आईला सांगायची कोणी?

२०२४च्या जुलैत दोन दिवस फोन लागला नाही. वादळ वगैरे नव्हतं, नुसता कोकणातला पाऊस. तरी माझा जीव वरखाली. आदल्या रात्री नेटवर मी एवढंच सांगितलं की उद्या नऊला सातच्या पट्ट्यावर कोकणासाठी कान ठेवा. सकाळी माझ्या घरात खरखरीशिवाय काही नव्हतं. भाचीचा आवाज आधी ऐकला तो सुभेदारांनी, त्यांची तार माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यांनी रिपीटरवरून मला हाक मारली, "ताई, लेक बोलतेय, मोठा आवाज आहे." मग मलाही ती सापडली. "आत्या, नदीचं पाणी अंगणापर्यंत आलं होतं, उतरलंय. आम्ही सगळे ठीक." शेवटी 'सेव्हन्टी थ्री', म्हणजे आमच्या भाषेतला नमस्कार. यांनी तेव्हा चहा केला. एरवी करत नाहीत.

कुणाला हौस वाटली तर एक सांगते. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी खेळण्यासारख्या मिळतात म्हणून मागवू नका. परवान्याच्या लहरींवर चालणारा संच परवान्याविना वापरणं हा गुन्हा आहे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा विक्रीवर नियमावलीही काढली. ट्रेकला किंवा शेतावर जवळजवळच बोलायचं असेल, तर ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना २०१८पासून परवान्यातून सूट आहे. त्यांना डोंगरावरच्या रिपीटरचा आधार मात्र घेता येत नाही. तो हवा तर परीक्षा द्या. अवघड नाही. आपल्या शहरात हौशी रेडिओचालकांचा क्लब असेल तर तिथे जाऊन आधी महिनाभर ऐका.

भाचीच्या तारेचं एक टोक अजून बांबूला बांधलंय. त्या बाजूची दोन्ही झाडं 'निसर्ग'मध्ये गेली. दादानं तिथे सुपारीची रोपं लावली आहेत, पण ती तार धरण्याइतकी व्हायला बरीच वर्षं आहेत, आणि दर पावसाळ्यात बांबू कुजतो. या खेपेला गेले की लोखंडी पाइप रोवून यायचा आहे.