…आणि पार्टी

कॅसेटचं कव्हर. पुढे निळ्या कोटातले बाबासाहेब, कोपऱ्यात अंगठ्याएवढा गायकाचा फोटो, खाली त्याचं नाव आणि नावाशेजारी दोन शब्द : ‘आणि पार्टी’. ढोलकी, बेंजो, टाळ, पेटी, मागे कोरस धरणारे, एवढी माणसं त्या दोन शब्दांत. मी पेटीवाला. पूर्णेच्या आमच्या पार्टीची एकच कॅसेट निघाली.

सामना. भीमजयंतीच्या महिन्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच तो फोडायचा, दिवस उगवेपर्यंत. ऐकायला रेल्वेच्या शेडमधले फिटर, फायरमन, ड्यूटी संपवून तसेच आलेले, अंगाला तेलाचा वास. मीटरगेजवरून गाडी शिटी देत निघाली की गायक थांबायचा, पण ढोलकीवाला ठेका सोडायचा नाही. डबे संपेपर्यंत हलक्या हाताने धरून ठेवायचा आणि गायक पुन्हा बरोबर समेवर यायचा. एकेक गाणं अर्धा अर्धा तास चालायचं. कॅसेटची एक बाजू अख्खी तीस मिनिटांची, आणि तीत पाच गाणी बसवायची होती.

बक्षिसाचा पुकारा. अकरा रुपये देणाऱ्याचंही नाव, खातं आणि क्वार्टर नंबर माइकवरून सांगितला जायचा. पैसे पेटीवर ठेवले जात, सगळ्यांच्या देखत, आणि पहाटे सगळ्यांच्या देखतच वाटले जात.

कंपनीचा कागद. रेव्हेन्यू तिकिटावर मुख्य गायकाची सही. एकरकमी पैसे, हक्क कायमचे कंपनीचे. नक्कल मिळाली नाही. प्रती किती काढल्या, पुन्हा कधी काढल्या, विचारायचं कोणाला? परगावच्या बसस्टँडवरच्या टपरीत आपलं गाणं वाजताना ऐकू आलं, नव्या छपाईचं कव्हर दिसलं, की एवढंच कळायचं की माल अजून खपतोय. परभणी आकाशवाणीच्या करारपत्रावर निदान तारीख आणि मानधन लिहिलेलं असायचं.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला तो 1994 च्या दुरुस्तीने. लिहून दिला तरी सुटत नाही असा रॉयल्टीचा हक्क गीतकार-संगीतकारांना 2012 साली मिळाला. तोवर कॅसेटची दुकानं मोबाइलची झाली होती.

छाप. हिच्याबद्दल जरा जास्त लिहावं लागेल. शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं, ही अभंगापासूनची रीत. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांत ते ‘वामन’ असं येतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या या माणसाने 2004 पर्यंतच्या आयुष्यात हजारो गीतं लिहिली, गावोगाव गायली. पुस्तक हाती नसलेल्या माणसाला कवी कळायचा तो त्या छापेवरूनच. गाणं कोणीही गावो, कोणत्याही गावात गावो, शेवटाला कवी हजर.

रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडे घड्याळ घेऊन बसलेल्या माणसाने आमच्या तीन गाण्यांची शेवटची कडवी काढायला लावली. अर्थ आधीच्या कडव्यांत आलाय, म्हणाला. मुख्य गायक क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. स्टुडिओचं भाडं तासावर होतं, आम्ही माना हलवल्या. तिन्ही गाणी आमच्याच कॉलनीतल्या एका गँगमनची. दिवसभर रुळांवर काम करून रात्री वहीत लिहिणारा माणूस. कव्हर छापून आलं तेव्हा गीतकाराच्या जागी शब्द होता ‘पारंपरिक’. त्या दिवशीही तो ड्यूटीवर होता. जिवंत माणसाचं गाणं पारंपरिक कसं होतं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याने ते कव्हर वाचलं, घडी घालून परत डबीत सरकवलं आणि आम्हाला चहा पाजला. नंतर त्याने कोणत्याच पार्टीला गाणं दिलं नाही. कंपनीने दुसरी कॅसेट मागितली ती नव्या हिंदी चालींवर. आमचा ढोलकीवाला नको होता, मशीनचा ठेका चालणार होता. आम्ही गेलो नाही.

चिमट्या. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या मोडलेल्या असल्या की टेपवर पुन्हा काही भरता येत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावली की भरता येतं. माझ्याकडे राहिलेल्या प्रतीवर अशी चिकटपट्टी आहे. ए बाजूला आता कोणाच्या तरी साखरपुड्यातली बोलणी आहेत, मध्येच एका कडव्याचा तुकडा.

मीटरगेज. अकोल्याकडची लाइन 2008 साली ब्रॉडगेज झाली. जयपूरपर्यंत जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस त्याआधीच गेली.

बेंजो. त्याच्या टाइपरायटरसारख्या बटणांच्या स्प्रिंगा आता मिळत नाहीत. पेनातल्या स्प्रिंगा कापून घालतात.

वही. लाल पुठ्ठ्याची, गँगमनची, त्याच्या सुनेने जपलेली. पाण्याने पानं चिकटलीत, तीनपैकी दोन गाण्यांची शेवटची कडवी वाचता येतात. तिसऱ्याचं बेंजोवाल्या मामांना पाठ आहे. ते आता लेकीकडे हिंगोलीला असतात, कानाने कमी ऐकतात, पण पेटीचा सूर दिला की गायला लागतात. पुढच्या रविवारी पेटी घेऊन जातोय. रेकॉर्ड करताना सुरुवातीलाच सगळ्यांची नावं बोलायची ठरलंय : लिहिणाऱ्याचं आधी, मग ढोलकी, बेंजो, टाळ, कोरस, गायक.